लाईट जाणार, हे धरूनच

संगणकाच्या झोपेचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांच्या गावात लाईट जाणे ही बातमी होती. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून ‘एसीपीआय’ नावाची नियमावली प्रसिद्ध केली. यंत्राने जागे कधी राहायचे, डुलकी कधी घ्यायची, गाढ कधी झोपायचे आणि कशाने उठायचे, हे सारे तिच्यात ठरवलेले आहे. आजचा जवळजवळ प्रत्येक घरगुती संगणक तिच्याच वारशावर चालतो. लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ पुरावी आणि कार्यालयांत रात्रभर उगाच चालू राहणाऱ्या यंत्रांचे बिल कमी व्हावे, असे दोन हेतू त्यामागे होते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज असणारच, हे कुणी लिहून ठेवले नाही, कारण त्याबद्दल शंकाच नव्हती. बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी वसलेल्या शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावात हाच गृहीत धरलेला भाग डळमळीत आहे. त्यामुळे संगणकाची झोप हा तिथे वीज वाचवण्यापुरता विषय राहत नाही. हातातले काम वाचवण्याचा विषय होतो. झोपेसंबंधी ज्या तक्रारी दुरुस्तीवाल्याकडे जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका फरकातून निघतात. आणि त्यांवर सर्रास केला जाणारा उपाय, म्हणजे हायबरनेट बंदच करून टाकणे, हा चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे या प्रकरणात मांडायचे आहे.

तालुक्याच्या गावात संगणकावर काय चालते, ते आधी पाहू. सेतू आणि आपले सरकार सेवा केंद्रांवर उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले निघतात. डिजिटल सहीचा सातबारा २०१८पासून ऑनलाइन मिळू लागला, तेव्हापासून तोही तिथूनच काढून घेतला जातो. कृषी सेवा केंद्रात टॅलीवर हिशेब असतो, छापखान्यात लग्नपत्रिकेची जुळणी असते, एमएस-सीआयटीच्या वर्गात मुले टायपिंग करत असतात. या सगळ्यांवर मात करणारा हंगाम म्हणजे खरिपाच्या पीकविम्याचा. रायमोहा, तिंतरवणीपासूनचे शेतकरी सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन रांगेत उभे राहतात. ३१ जुलै ही विम्याची नेहमीची अंतिम तारीख जसजशी जवळ येते, तसतशी केंद्रातली यंत्रे उशिरापर्यंत चालतात. २०२३च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला, तेव्हा तर ही गर्दी आणखी वाढली. हेच दिवस वाऱ्यावादळाचे आणि पावसाचे. तारेवर फांदी पडते, जंप तुटतो, फ्यूज जातो, डीपी जळते. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यात आहे, पण डीपी जळाल्यावर परळी जवळ असण्याचा काही उपयोग नसतो. ते केंद्रसुद्धा २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. एप्रिल २०२२मध्ये कोळशाच्या टंचाईने राज्यात पुन्हा भारनियमन आले, तेव्हा जास्त गळती आणि कमी वसुलीच्या फीडरांवर आधी गदा आली. कारण वरचे असो वा गल्लीतले, संगणकासमोर बसलेल्या माणसाला दिसते ते एवढेच, की पडदा काळा झाला आणि अर्धा भरलेला अर्ज गेला.

अर्ज जातो म्हणजे नेमके काय होते? चालू काम संगणकाच्या रॅममध्ये असते. रॅम ही स्मृती म्हणून वेगवान आहे, पण तिची स्मरणशक्ती फुटक्या माठासारखी आहे. तिच्यातला प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म धारित्रातला भार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून संगणकाला तिच्या प्रत्येक ओळीत दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा भार भरावा लागतो. ही भरणी थांबली, की मजकूर पुसला. ‘स्लीप’ या अवस्थेत प्रोसेसर, पंखा, डिस्क, पडदा सारे थांबते, पण रॅमची भरणी चालू राहते. त्यासाठी पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक बारीक धार अखंड येत असते. म्हणूनच स्लीपमधले यंत्र दोन-तीन सेकंदांत उठते, आणि म्हणूनच प्लग निघाला की त्यातले सारे जाते. ‘हायबरनेट’ची तऱ्हा निराळी आहे. झोपण्याआधी ते रॅममधला मजकूर दाबून लहान करते, डिस्कवरच्या ‘हायबरफिल’ नावाच्या एका छुप्या फाइलीत उतरवते आणि मग यंत्र पूर्ण बंद करते. डिस्कला मजकूर सांभाळायला वीज लागत नाही. प्लग काढा, यंत्र उचलून बीडला न्या, आठ दिवसांनी चालू करा, अर्धवट ओळ तिथेच सापडते. हायबरनेट म्हणजे शीतनिद्रा, आणि हा शब्द आपल्याला थंडीची आठवण करून देतो; पण मराठवाड्याच्या कोरड्या मातीत बेडूक उन्हाळा जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसाला वर येतो, ती ग्रीष्मनिद्रा याच्या अधिक जवळची आहे. बाहेर जे मिळत नाही त्यावाचून तग धरणे, हेच हायबरनेटचे काम.

थोडक्यात, स्लीप विजेवर विश्वास टाकते आणि हायबरनेट डिस्कवर. वीज जिथे बेभरवशाची आहे तिथे विश्वास कुठे टाकायचा, याचे उत्तर यातच आहे. विंडोजच्या कर्त्यांना ही अडचण अगदीच दिसली नव्हती असे नाही. विंडोज व्हिस्टापासून टेबलावरच्या संगणकांसाठी ‘हायब्रिड स्लीप’ आली. तिच्यात यंत्र झोपते स्लीपसारखे, पण झोपण्यापूर्वी मजकुराची एक प्रत डिस्कवरही ठेवते. लाईट राहिली तर दोन सेकंदांत जाग. गेली तर डिस्कवरून परत. चहाला उठलेल्या माणसाच्या यंत्रासाठी याहून चांगली सोय नाही. मात्र हायब्रिड स्लीप त्याच छुप्या फाइलीवर उभी आहे. फाइल काढली, की ही सोय मुकाट्याने नाहीशी होते. मेनूत ‘स्लीप’ हा शब्द तसाच दिसतो, यंत्र तसेच झोपते, फक्त खालचे जाळे गेलेले असते. हे कळते ते लाईट गेल्यावरच.

आणि ही फाइल काढण्याचा सल्ला आपल्याकडे सहज मिळतो. सी ड्राइव्ह भरला, यंत्र हळू झाले, की ‘हायबरनेट ऑफ’ची आज्ञा दिली जाते आणि काही जीबी मोकळे होतात. जागा खरोखर मिळते, त्यात खोटे काही नाही. विंडोज १०मध्ये ही फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर ३ जीबीच्या थोडी वर. पण तेवढ्याच जागेसाठी टेम्पररी फाइली, जुन्या अपडेटचे अवशेष आणि ‘डाउनलोड्स’मध्ये साचलेल्या शेकडो सातबाऱ्यांच्या पीडीएफ आधी काढता येतात, आणि त्या काढल्याने कोणाचे काही बुडत नाही. जागा हवी म्हणून विहिरीचा कठडा काढू नये. एसएसडी लवकर झिजते, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीरपणे घेण्यासारखा आहे, कारण एसएसडीची लेखनमर्यादा ही खरी गोष्ट आहे. तर हिशेब करू. एका वेळी ३ जीबी लिहिले जातात असे धरू आणि दिवसातून पाच वेळा हायबरनेट केले असे धरू, म्हणजे दिवसाला १५ जीबी. २५० जीबीच्या कित्येक चांगल्या एसएसडींवर निर्माते १५० टीबी लेखनाची हमी देतात. भागाकार केला तर दहा हजार दिवस येतात, सत्तावीस वर्षे. त्याआधी यंत्राचे बाकी सारे भाग बदललेले असतील. स्वस्तातल्या, नाव नसलेल्या एसएसडीची मर्यादा याच्या तिसऱ्या हिश्शावर आणली, तरी नऊ वर्षे उरतात.

हायबरनेट दगा देते, हा तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. पर्याय दिसत नाही, झोपलेले यंत्र उठत नाही, उठते पण पडदा काळाच राहतो, झोपवले तरी आपोआप जागे होते, अशी ती गाऱ्हाणी. पण ही गाऱ्हाणी एका रोगाची नाहीत. पर्याय दिसत नाही, याचा बहुतेक वेळा अर्थ तो लपवलेला आहे एवढाच. विंडोज १०मध्ये तो मेनूत मुळातच दाखवलेला नसतो. कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन पॉवर बटणाने काय करावे, त्या पानावर त्याची खूण करावी लागते. तिथेही तो पर्याय नसेल तर यंत्रालाच विचारावे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’ आणि पुढे ‘स्लॅश ए’ लिहिले, की यंत्र स्वतःच सांगते की कोणत्या झोपा येतात, कोणत्या येत नाहीत आणि का नाहीत. दुरुस्तीच्या विद्येत हे फार मोलाचे वाक्य आहे, कारण अंदाज संपतो. तिथे कधी ‘हायबरनेशन चालू केलेले नाही’ असे लिहून येते. मग ‘पॉवरसीएफजी स्लॅश हायबरनेट ऑन’ एवढ्याने भागते. पण कधी ‘ग्राफिक्स ड्रायव्हर ही झोप चालू देत नाही’ असे येते, आणि जोडणी करून घेतलेल्या यंत्रांवर हे वारंवार येते. विंडोज नव्याने टाकली, चित्र दिसू लागले म्हणून काम झाले असे मानले, पण ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर टाकलाच नाही. यंत्र मायक्रोसॉफ्टच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत राहिले. तो ड्रायव्हर चित्र काढू शकतो, पण कार्डाला झोपवून पुन्हा उठवू शकत नाही. दोष हायबरनेटचा नाही, अर्धवट राहिलेल्या जुळणीचा आहे.

उठल्यावर पडदा काळा राहणे हेही बहुतेक वेळा त्याच घरचे दुखणे. ग्राफिक्सचा आणि मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हर निर्मात्याकडून घेतलेला असेल, तर ते बरेचदा संपते. तरीही राहिले, तर हायबरनेट एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. त्याने बिघडलेली फाइल पुसली जाते आणि नवी तयार होते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर फाइलच पुरती मावत नाही, तेव्हा थोडी जागा मोकळी हवीच. याहून वेगळी तक्रार म्हणजे उठल्यावर यंत्र ठीक असते पण जोडलेली साधने रुसलेली असतात. सेवा केंद्रात हे जास्त जाणवते. अंगठा घेणारे बायोमेट्रिक यंत्र दिवा लावते पण त्याची ‘आरडी सर्व्हिस’ त्याला ओळखत नाही. डिजिटल सहीचे टोकन दिसत नाही. प्रिंटर ‘ऑफलाइन’ म्हणतो. कारण सोपे आहे. विंडोज डिस्कवरून जशीच्या तशी उठते, पण यूएसबीवरचे साधन मधल्या काळात बंद पडून नव्याने जन्मलेले असते. एकाला जुने संभाषण आठवते, दुसऱ्याला आठवत नाही. साधनाची वायर काढून पुन्हा लावावी, किंवा त्याची सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करावी; अर्धे मिनिट लागते. या अर्ध्या मिनिटाला कंटाळून हायबरनेटच टाकून देणे, म्हणजे पंचवीस शेतकऱ्यांची भरलेली यादी पुन्हा भरण्याची जोखीम पत्करणे. घड्याळाचीही एक गोम आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असेल, तर प्लग निघाल्यावर यंत्र तारीख विसरते. मग ते उठते ते भलत्याच वर्षात, आणि सरकारी संकेतस्थळे सुरक्षिततेच्या कारणाने उघडत नाहीत. लोक नेटला दोष देतात. सेल किरकोळ किमतीत मिळतो.

इथे एका गैरसमजावर थोडे थांबावे लागेल, कारण तो यंत्राला इजा करतो. विंडोज ८ने २०१२मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ आणले. तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद, हे खरे राहिलेले नाही. आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा मात्र हायबरनेट होतो, म्हणजे त्याच फाइलीत साठवला जातो, आणि सकाळी तिथूनच उठतो. सुरुवात चटकन होते खरी, पण त्यामुळे आठवडेच्या आठवडे तोच गाभा वापरला जातो आणि ड्रायव्हरचे बारीकसारीक दोष साचत जातात. ‘शट डाउन करून चालू केले तरी जात नाही, रिस्टार्ट केले की जाते’ या कोड्याचे उत्तर हेच आहे. ‘रिस्टार्ट’मध्ये गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. दुकानात यंत्र उघडून रॅम वाढवण्यापूर्वी किंवा डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावण्यापूर्वी पूर्ण बंद करणे अत्यावश्यक आहे. झोपलेल्या विंडोजची डिस्क दुसऱ्या यंत्राने उघडून तिच्यावर लिहिले, तर मूळ यंत्र उठल्यावर जुन्या आठवणींच्या आधारे पुढे लिहू लागते आणि फाइलींची मोडतोड होते. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केले, की यंत्र पूर्ण बंद होते. दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना स्क्रू ड्रायव्हर हातात देण्यापूर्वी हे शिकवावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. आमच्याकडे यूपीएस आहे, इन्व्हर्टर आहे. मग झोपेची एवढी चर्चा कशाला? यूपीएसकडे नीट पाहिले तर त्याचे उत्तर मिळते. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॉट-तास. पण भराभर उपसली तर या प्रकारची बॅटरी त्याच्या निम्म्याच्या आसपास देते. संगणक आणि पडदा मिळून शंभर वॉट धरले, तर नवी असताना पंधरा-वीस मिनिटे. दोन-तीन उन्हाळे सोसलेली बॅटरी मात्र मिनिटांवर येते, आणि ती किती मिनिटांवर आली हे बाहेरून कळत नाही. म्हणून यूपीएसकडून ‘काम चालू ठेवणे’ मागू नये. ‘नीट झोपायला वेळ’ मागावा. ३ जीबी मजकूर साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने उतरवायला अर्धे मिनिट लागते, एसएसडीला सात-आठ सेकंद. म्हाताऱ्या बॅटरीलाही बहुधा एवढे जमते. पण दोन पथ्ये पाळावी लागतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. कागदावर शाई भाजून बसवण्यासाठी तो काही क्षण शेकडो वॉट ओढतो आणि तेवढ्याने यूपीएस बसतो, सोबत संगणकही. दुसरे पथ्य असे, की लाईट गेल्याचे कोणीतरी संगणकाला सांगितले पाहिजे. चांगल्या यूपीएसला यूएसबीची वायर असते आणि ती लावली, की विंडोजला लॅपटॉपसारखी बॅटरी दिसू लागते; मग अमुक टक्क्यांवर हायबरनेट कर असे सांगून ठेवता येते. स्वस्त यूपीएसला ही वायर नसते. तो नुसता टीं-टीं करत राहतो आणि संगणक बिचारा अखेरच्या क्षणापर्यंत अंधारात असतो. तिथे निरोप्याचे काम माणसानेच करायचे. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये कॅबिनेटच्या पॉवर बटणाला ‘हायबरनेट’ नेमून द्यावे; टीं-टीं ऐकू आली, की बटण एकदा दाबून सोडावे. दाबून धरू नये, कारण चार सेकंद धरले की यंत्र तडकाफडकी बंद होते.

इन्व्हर्टरबद्दल वेगळे सांगायला हवे. दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीचा इन्व्हर्टर संगणक तासन् तास चालवू शकतो, तरीही लाईट जाताच संगणक एकदम रिस्टार्ट होतो, अशी तक्रार असते. लाईट जाणे आणि बॅटरीची वीज येणे यांमध्ये क्षणाची फट असते. संगणकाचा पॉवर सप्लाय आपल्या साठ्यावर ती फट साधारण १६-१७ मिलिसेकंद सोसतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे एका लाटेहूनही कमी. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बारीक खटका असतो: एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’. ‘नॉर्मल’वर पंखे आणि दिवे ठीक चालतात, पण बदल सावकाश होतो आणि संगणक त्यात पडतो. ‘यूपीएस’वर बदल चटकन होतो. मात्र त्या बाजूला विजेची पट्टी अरुंद ठेवलेली असते. साधारण १८० व्होल्टच्या खाली दाब गेला, की इन्व्हर्टर बाहेरची वीज नाकारून बॅटरीवर जातो. सायंकाळी डिम लाईट असणाऱ्या भागात यामुळे लाईट असूनही बॅटरी उपसत राहते, आणि खरी लाईट जाते तेव्हा ती रिकामी असते. अशा गावात खटका बदलून प्रश्न सुटत नाही. दाबासाठी स्टॅबिलायझर लागतो, आणि शेवटच्या क्षणासाठी पुन्हा हायबरनेट लागतेच. म्हणजे इन्व्हर्टर असणे हे हायबरनेट नको असण्याचे कारण होत नाही.

लाईट जाण्याइतकीच तिची येण्याची वेळही जपावी लागते, याकडे फार कमी लक्ष जाते. फॉल्ट काढताना लाईनमन पुरवठा सुरू करून पाहतो, तो पुन्हा तुटतो, पुन्हा येतो. संगणकाच्या बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ या अर्थाची एक सेटिंग असते. ती ‘पॉवर ऑन’वर असेल, तर लाईट येताच यंत्र स्वतःहून उठते. हायबरनेट केलेले यंत्रही उठते, डिस्कवरून मजकूर वर घेते, आणि तेवढ्यात लाईट पुन्हा गेली, तर डिस्कवर जपलेला तो मजकूरही वाया जातो, कारण उठण्यासाठी ती प्रत एकदाच वापरली जाते. म्हणून ही सेटिंग ‘पॉवर ऑफ’वर ठेवावी, लाईट पाच-दहा मिनिटे टिकली, की माणसाने यंत्र हाताने चालू करावे. रात्री आपोआप जागे होणारी यंत्रे मात्र वेगळ्या कारणाने उठतात. विंडोजचे अपडेट ठरलेल्या वेळेचा गजर लावून ठेवते, नेटवर्क कार्डाला बाहेरून हाक मारता येते, टेबल हलले की माउस उठवतो. ‘पॉवरसीएफजी’ पुढे ‘स्लॅश लास्टवेक’ लिहिले, की शेवटचे कोणी उठवले ते कळते. ‘स्लॅश वेकटायमर्स’ने लावलेले गजर दिसतात. गुन्हेगार सापडल्यावर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्याचा उठवण्याचा हक्क काढून घेणे एवढेच उरते. उलट तक्रार असेल, की यंत्र झोपतच नाही, तर ‘स्लॅश रिक्वेस्ट्स’ला विचारावे, कोणता प्रोग्रॅम त्याला जागवत आहे ते नावानिशी समोर येते.

लॅपटॉपवाल्यांना वाटते की हे सारे टेबलावरच्या यंत्रांचे दुखणे आहे. त्यांच्या यंत्रात बॅटरी असते आणि ती अगदी संपत आली, बहुतेक यंत्रांवर ५ टक्क्यांवर, की विंडोज स्वतःच हायबरनेट करते. सोय उत्तम आहे, पण ती बॅटरीच्या आकड्यावर विसंबते आणि जुनी बॅटरी आकडा खोटा सांगते. तीस टक्के दाखवता दाखवता ती एकदम शून्यावर येते; ५ टक्क्यांची वेळ येतच नाही. ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ या आज्ञेने जो अहवाल बनतो, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल, तर धोक्याची पातळी ५वरून १५-२० टक्क्यांवर आणावी आणि नव्या बॅटरीची तजवीज करावी. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी स्लीप उरलेलीच नाही. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आली आहे, ज्यात यंत्र मोबाइलसारखे अर्धवट जागे राहते, संदेश घेते, अपडेट उतरवते. दप्तरात बंद करून ठेवलेला लॅपटॉप तापलेला आणि रिकामा सापडतो, तो यामुळे. त्यावर सरळ उपाय म्हणजे झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ नेमणे. उठायला चार सेकंद जास्त लागतील, पण सकाळी शिरूरहून निघालेल्या विद्यार्थ्याला बीडला पोचल्यावर बॅटरी जशीच्या तशी मिळेल.

हायबरनेटच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याला काय जमत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते आपल्या यंत्रातले वाचवते. समोरच्या सर्व्हरवरचे नाही. विम्याच्या किंवा दाखल्याच्या संकेतस्थळावर लॉगिन करून अर्ज भरताना लाईट गेली आणि अर्ध्या तासाने यंत्र उठले, तर पडद्यावर अर्ज भरलेला दिसेल, पण सर्व्हरच्या लेखी आपली बैठक संपलेली असेल आणि ‘सबमिट’ नाकारले जाईल. ओटीपीही शिळा झालेला असेल. तरीही भरलेले आकडे समोर असतात. सर्व्हे नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक तिथून पाहून पुन्हा टाकता येतात, आणि शेतकऱ्याला कागदांसह दुसऱ्यांदा बोलवावे लागत नाही. पान ताजे करण्यापूर्वी त्याचे चित्र जपून ठेवले, तर हे काम आणखी सोपे होते. दुसरी मर्यादा गोपनीयतेची आहे आणि सेवा केंद्राने ती हलकी समजू नये. रॅममधले सारे त्या फाइलीत उतरते, म्हणजे लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशीलही. डिस्क कूटबद्ध नसेल, तर ती ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येऊ शकतात. म्हणून जागे होताना पासवर्ड मागण्याची सेटिंग कधी काढू नये, डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर जिथे उपलब्ध आहे तिथे ते चालू ठेवावे, आणि जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी पूर्ण पुसावी.

हे सगळे जुळवून झाले, की एक परीक्षा उरते आणि ती विम्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी, जूनमध्येच घ्यावी. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहाव्यात, त्या जतन करू नयेत, ब्राउझरमध्ये एक पान उघडे ठेवावे आणि यूपीएसचा भिंतीतला खटका बंद करावा. घड्याळ लावून किती मिनिटे मिळतात ते आधी मोजावे, बॅटरी पुन्हा पूर्ण भरू द्यावी, आणि दुसऱ्या खेपेला त्या ओळी पुन्हा लिहून, खटका बंद करून, टीं-टीं सुरू होताच पॉवर बटण दाबावे. दिवे विझल्यावर यूपीएसही बंद करून, प्लग काढून, दहा मिनिटे थांबावे. मग सारे जोडून यंत्र चालू करावे. त्या चार ओळी पडद्यावर आल्या, अंगठ्याच्या यंत्राने ठसा घेतला आणि घड्याळ बरोबर दिसले, तर केंद्र हंगामाला तयार आहे. मोजलेली मिनिटे एका चिठ्ठीवर लिहून यूपीएसवर चिकटवावीत, म्हणजे पुढच्या जूनमध्ये बॅटरी किती थकली ते त्या आकड्यावरून कळेल.